दीड युआन

वूहानमध्ये न्याहारी करत नाहीत,
सकाळ ओलांडतात.
क्रियापद तेच, जे नदीला लावतात.
हे मला गल्लीत नूडल्स उकळणाऱ्या बाईने सांगितलं,
फोनला तोंड लावून, दोनदा, मोठ्याने,
बहिऱ्याशी बोलावं तसं.
तिळाचं वाटण इतकं दाट
की काड्या त्यात उभ्या राहाव्यात.
कागदी वाटी घेऊन सगळे चालत खातात:
शाळेतली पोरं, टाय खांद्यावर टाकलेला बँकेतला माणूस,
एक जण तर स्कूटरवर, सिग्नलला.
मी बसायला जागा शोधत राहिले
आणि वाटीत नुसता गोळा उरला.

पंप तपासायला आले होते मी, तीन आठवडे.
राहायला हानखौ, कारखाना वूछांगला,
मध्ये यांगत्से, चहात दूध जास्त झाल्यासारखी.

पहिल्याच दिवशी घाटावर फोन मेला.
तिकीट दीड युआन, हातात शंभराची नोट.
खिडकीतल्या मुलीने नोटेकडे असं पाहिलं
की मी जणू ढब्बू पैसा पुढे केला होता.
मागे रांग. रांगेत स्कूटर, स्कूटरवर कोबी.
कोबीवाली काहीतरी बोलली,
ते भाषांतराशिवाय कळलं.

तेवढ्यात मागून एक ओला हात आला
आणि यंत्र टुंग वाजलं.

हात सत्तरीतला. केसांतून पाणी गळतंय,
अंगात बनियन, पायात रबरी चपला,
काखेत एक नारिंगी फुगा.
नाव म्याओ छांगगन.
म्याओ म्हणजे रोप, मांजर नव्हे,
हे त्याने मी हसण्याआधीच सांगून टाकलं
आणि बोटीच्या पत्र्यावर ओल्या बोटाने काढून दाखवलं:
वर गवत, खाली शेत.
शेत वाळेपर्यंत आम्ही अर्धी नदी आलो होतो.

तो रोज सकाळी पोहत येतो, बोटीने परत जातो.
फुगा कमरेला बांधायचा. बुडू देत नाही,
आणि पोटात कोरडा बनियन, किल्ल्या, फोन.
त्याला ते काय म्हणतात, मी विचारलं.
त्याचा फोन म्हणाला: ढुंगणामागचा किडा.
मी म्हटलं, आमच्याकडे शेपूट म्हणतात,
आईच्या मागेमागे करणाऱ्या पोराला.
फोनने याचं काय केलं कोण जाणे,
म्याओ वाकून माझ्या पाठीमागे बघू लागला.

मग सुट्टे केले. एक युआनचं नाणं, एक अर्ध्याचं.
डबीत ठेवले, रोज बरोबर नेले.
पण माझी पाळी बदलली होती.
नऊच्या बोटीत वेगळीच माणसं:
नखं कापणारा एक, सासूशी भांडणारी एक
(सासूच असणार; तो सूर जगात एकच आहे),
झोपलेली मुलगी, तिच्या मांडीवर जागं कासव.
सगळ्यांचे केस कोरडे.

कारखान्यात सांगितलं तर फांग हसली.
दीड युआन! त्यात लिंबूसुद्धा येत नाही.
मी म्हटलं, म्हणूनच.
शंभर असते तर विसरले असते.

शेवटच्या रविवारी पहिल्या बोटीने गेले.
वूछांगच्या पायऱ्यांवर बारा-पंधरा म्हातारे,
कुणी मांड्या चोळतंय, कुणी थुंकून नदीचा वेग बघतंय.
म्याओ चड्डीवर. मी नाणी पुढे केली.
त्याने दोन्ही हातांनी कमर चापटली:
खिसा कुठाय, बाई?

नको म्हणतोय असं वाटलं.
पण त्याने फुग्याचं तोंड सोडलं, माझ्यापुढे धरलं.
आत किल्ल्या, फोन, घडी घातलेला बनियन,
एक उकडलेलं अंडं.
मी नाणी अंड्याशेजारी टाकली.
त्याने तोंड तीनदा गुंडाळलं, खटका लावला,
आणि छातीवर पाणी मारून उतरला.

नदी सरळ ओलांडता येत नाही,
तिरकी घ्यावी लागते. ते सगळे
पुलाकडे तोंड करून निघाले
आणि वाहत वाहत भलतीकडेच गेले,
बारा-पंधरा नारिंगी ठिपके. त्यातल्या एकात माझी नाणी.
कुठल्या, ते लगेच कळेनासं झालं.

मी पायरीवर बसले.
पोटात काही नव्हतं, सकाळ ओलांडायची राहिली होती.
शेजारी एका म्हातारीने
चपलांच्या बारा जोड्या एका पोत्यात भरल्या,
आणि ते पोतं उचलायला
मला हाताने बोलावलं.