पावतीच्या पाठीमागे

एमएस्सी गणित करून मी सावद्याच्या वजनकाट्यावर बसतो.
भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी.
एवढ्यासाठी कॉलेज कशाला, सिकंदर तडवी विचारतो
आणि पावती खिशात घालतो.

केळीच्या पाच गाड्या एकत्र निघतात.
चोपडा, शिरपूर, पळासनेर, घाट, मग दिल्लीपर्यंत नुसता रस्ता.
पुढची वारा फोडते, डिझेल जाळते,
मागच्या चार तिच्या आडोशाने स्वस्तात पळतात.
अंतर ठेवलं की मध्ये जीप घुसते,
म्हणून कुणी ठेवत नाही. जो तो पुढच्याच्या पाठीला,
फळीवरचा 'हॉर्न ओके' नाकाने वाचत.
आणि ज्याचं त्याचं बरोबरच असतं.
पाच शहाणपणं,
बेरीज वेडेपणा.

एका दुपारी काटा रिकामा होता.
पावतीच्या पाठीमागे चौकटी आखल्या:
तू जवळ, तो जवळ. तू लांब, तो जवळ.
ताशी पन्नास म्हणजे सेकंदाला चौदा मीटर.
एक जांभई अठ्ठावीस मीटरची.
डिगंबर बोंडे डोकावला, "बुद्धिबळ का भो?"
तसंच, म्हटलं. फक्त एक हरला की पाची हरतात.

सुरुवात सोपी निघाली.
दर ढाब्याला पुढची गाडी बदलायची,
वाचलेल्या डिझेलचे पैसे एका डब्यात.
मग विचारलं, ब्रेक कसे आहेत?
"कडक."
"कडक."
"एकदम कडक."
सिकंदरची गाडी अठरा वर्षांची. तिचेही कडक.

गणित कुठे अडलंय ते तेव्हा दिसलं.
ज्याचे नरम त्याला मी मोठं अंतर देणार,
तो मागे पडणार, वेळेवर पोचल्याचं इनाम जाणार,
शेठ दुसरा ड्रायव्हर बघणार.
खरं बोलायचं एकट्यानं आणि
वाचायचं पाचांनी?

चार पावत्या फाडल्या. पाचवीवर लिहिलं:
इनाम पाचांचं एकच, शेवटची गाडी पोचेल तेव्हाचं.
युवराज वारके भडकला.
"माह्या नव्या गाडीनं काय पाप केलं?"
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही.
तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "लिही."

त्या रात्री सिकंदर काट्यावर आला, पायी.
"तिसऱ्या दाबाले धरतात," म्हणाला.
"लिहून घे. नाव नको टाकू."

मी एकदाच गेलो त्यांच्यासोबत. परतीला बटाटा होता.
बिजासनचा उतार, रात्रीचे तीन,
शेवटच्या गाडीत डिगंबरच्या शेजारी मी.
वळणावर सगळी ओळ दिसली: लाल ठिपके, मध्ये अंधार,
कुठे हातभर, कुठे वीतभर,
आणि सिकंदरच्या पुढे भला मोठा,
पंगतीत म्हाताऱ्यासाठी राखलेल्या जागेसारखा.
त्यात एक जीप घुसली.
माझा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला.
सिकंदरनं शिवी हासडली असेलच,
पण गाडी पुढे नाही काढली. जीपच्या मागे
पुन्हा तेवढाच अंधार सोडला.

पळासनेरला युवराज केव्हाचा थांबलेला.
तोंड वाकडं, हातात पाच चहा.
ड्रमचा जळका वास सगळ्यांना आला.
कुणी काही बोललं नाही.

सावद्याला डबा उघडला, वही काढली.
खर्चाच्या रकान्यात पहिली ओळ:
ब्रेक लायनर, एक गाडी.
नाव टाकलं नाही.