कोरा

तिचं नाव कोरा.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, न वापरलेली.
हिनं तर, विकणारा म्हणाला, दसऱ्याचे रेडे पाहिलेत.
मुठीपाशी बारीक, पुढे रुंद होत गेलेली,
टोकाजवळ दोन्ही अंगांना एकेक कोरलेला डोळा.

अकरा आहेत माझ्याकडे. सात कुकऱ्या, तीन कोरा,
आणि एक रामदाव, जो कपाटात मावत नाही
म्हणून पलंगाखाली झोपतो.
दिवसभर ॲशफर्डच्या इस्पितळात मी हाडांचे फोटो काढते,
संध्याकाळी फोकस्टनला परतून
पात्यांना शिलाई मशीनचं तेल लावते,
मलमलीच्या चिंधीनं, मुठीकडून टोकाकडे.
कधीच उलटं नाही.

आता घर लहान घेतेय. एक द्यावी म्हटलं.
कँटरबरीच्या लिलाववाल्यांनी फॉर्म पाठवला:
पातं वक्र, पन्नास सेंटिमीटरहून लांब;
पारंपरिक रीतीनं हातानं घडवल्याचा पुरावा जोडावा.
खाली एक चौकट.

ठोक्याला कुठे पावती असते?

म्हणून चेरिटनच्या लाँड्रीतल्या धनलालजींना बोलावलं.
सत्तरी उलटलेली. जावई पलटणीत, त्याच्यामागून आलेले.
भोजपूरला त्यांचा भाता होता, हे मला
पडदे धुवायला टाकताना कळलं;
पडद्यांकडे न बघता ते बघत राहिले
माझ्या किल्ल्यांना लटकलेल्या बोटभर कुकरीकडे.

चष्मा खिशातच राहिला.
खिडकीपाशी पातं तिरकं धरलं, बाहेर सीगल ओरडत होते,
मग डोळे मिटून पाठीवरून अंगठा फिरवला.
"दोघांनी मारलंय," मोडक्या हिंदीत म्हणाले.
"एक बसून, एक उभा. उभा होता तो पोरगा.
हे बघ. इथे दमलाय."
मी बोट ठेवलं. तिथे लोखंड
झोपेत कूस बदलावी तसं किंचित सरकलं होतं.
चार वर्षं मी तिथेच तेल लावत होते.

पाणी कसं देतात ते दाखवायला
माझीच चहाची किटली घेतली, रिकामी,
आणि नसलेलं पाणी धारेवरून ओतत नेलं, हळू,
फक्त धारेवरून. पाठ मऊच ठेवायची.
सगळंच कडक केलं तर पहिल्याच रेड्यात दोन तुकडे.
आमच्याकडे पाणीदार म्हणतात, मी म्हटलं.
शब्द आवडला त्यांना. दोनदा म्हणून पाहिला.

मग न राहवून विचारलं,
ही देवीपुढे ठेवायचे तेव्हा तुम्ही कुठे?
"ही आत. आम्ही अंगणाबाहेर.
गरम होती तोवर आमची. थंड झाली की त्यांची."
लाँड्रीत शर्टाचा दर सांगावा
तसं सांगितलं.

चहा झाला. उठून त्यांनी स्वतःचा कप विसळला,
पुसला, आणि बाकीच्या कपांपासून
वीतभर लांब पालथा घातला.
हात आपले आपण चालले होते.
मी तो लगेच उचलून कपांत ठेवला नाही.
ठेवला असता तर त्यांना दिसलं असतं
की मला दिसलं.
ते गेल्यावर ठेवला. कुणासाठी, माहीत नाही.

फॉर्म अजून फ्रीजवर आहे.
वस्तूचं नाव: कोरा.
चौकटीत लिहिलं, दोन माणसं, एक बसलेला, एक दमलेला.
खोडलं. नवा फॉर्म मागवला.
त्यातली चौकट तलवारीच्याच नावाची राहिली आहे,
आणि लिलावाची तारीख गुरुवारी उलटली.

तेल लावताना आता त्या जागी चिंधी अडते.
अडत नाही खरं तर, मीच थांबते.

नव्या घरातला पलंग बुटका आहे.
रामदावाचं काय ते बघायला हवं.