घर दहावर

तीनशेपैकी दोनशे नव्वद झाले.
कसारा एका दमात घेतला,
जव्हारच्या खडीवर दात वाजवत उतरले,
आणि आता, घर दहावर असताना,
हा गायमुखचा चढ.
रिक्षातून कधी जाणवलाही नव्हता.

सगळ्यात हलका गिअर. त्याखाली गिअर नाही.
ट्रेलरचा गरम श्वास पोटऱ्यांवर.
अंधारात खड्डा
डोळ्यांआधी मनगटांना कळतो.

वळणावर उतरले, ढकलू लागले.
पंक्चरवाला बरकत खाटेवरूनच म्हणाला,
"हवा भरू?"
"चाकात आहे की."
"चाकाचं कोण विचारतंय," म्हणत
त्यानं टायरांमागचं स्टूल सरकवलं.

बसले.
गुडघे आपापलं काहीतरी बोलत राहिले.
खाली खाडीला भरती,
काळोखातच वर वर येणारी,
कुणी ढकलत नसताना.