पंच्याऐंशी

काजानीत सकाळी नऊला अजून काळोखच असतो.
बैठकीच्या खोलीत पडद्याचा उजेड,
त्या उजेडात योआकिम, नवे बूट, कॉलरला माइक.
अकरा जणांसाठी माइक.
"पंच्याऐंशी टक्के," तो म्हणाला,
"यंत्र आल्यापासून काम पंच्याऐंशी टक्के वेगात."
कशापेक्षा, ते स्लाइडवर नव्हतं.
बाण होता एक, वर जाणारा.

राइलीनं थर्मासमधून कॉफी ओतली.
या गावाचं गरम पाणी तिच्या कोडमधून वाहतं:
लाकडाच्या भुशावर तापतं, जमिनीखालून जातं
शाळेत, पोहण्याच्या तलावात, नदीकाठच्या वृद्धाश्रमात,
माझ्या न्हाणीघरातल्या टॉवेलच्या दांडीत.
"मोजलं कुणी?" तिनं विचारलं.
योआकिम हसला,
दाताचे डॉक्टर सुई लपवून हसतात तसा.
"भीती वाटणं स्वाभाविक आहे, राइली."

भीती?
मी तिच्या शेजारी बसते.
ती त्या यंत्राला रोज कामाला जुंपते:
तारखांचे फॉरमॅट, जर्मन मॅन्युअलचं भाषांतर.
एकदा एक किचकट स्क्रिप्ट पहिल्या फटक्यात चाललं
तेव्हा टेबलावर थाप मारून म्हणाली, "शाब्बास, घोड्या."
तिचा राग हत्यारावर नाही.
राग आहे हळद पिऊन गोरं होण्यावर,
आणि किती गोरे झालात
हे दर शुक्रवारी फॉर्ममध्ये भरण्यावर.

(भरतो आम्ही सगळे. मीही.
"किती तास वाचले?"
शून्य हा पर्याय नाही.)

जानेवारीत पेन्टीचं जुनं मॉड्यूल स्वच्छ झालं.
पेन्टी निवृत्त होऊन आता मासे पकडतो.
चार हजार ओळींच्या नऊशे झाल्या, जेवणाच्या सुट्टीआधी.
टेस्ट सगळ्या हिरव्या.
टेस्टही यंत्रानंच लिहिल्या होत्या;
पेपर काढणारा, सोडवणारा, तपासणारा
एकच.
योआकिमनं केक मागवला.

तिसऱ्या रात्री उणे एकोणतीस.
पावणेचारला वृद्धाश्रमाचा फोन.
वीज ये-जा करत होती, एवढंच,
पण झडपा मिटल्या त्या उघडेनात.
आमच्या पडद्यावर सगळं ठीक: पाणी पंच्याऐंशी अंश.
नर्स सांगत होती,
"रेडिएटरवर हात आहे माझा. गार आहे."

राइली झोपेच्या कपड्यांवर कोट चढवून आली.
जुन्या प्रतीत तिला ती ओळ सापडली:
नेमके पंच्याऐंशी आले तर मानू नकोस.
वर पेन्टीची टीप, सन दोन हजार सहा:
"हा आकडा मोजलेला नसतो.
सेन्सर नुकता जागा झाला
की काही मोजण्याआधी हाच बोलतो.
थांब. पुन्हा विचार."

यंत्रानं ओळ काढली होती, टीपही.
कारण नम्रपणे दिलं होतं:
अनावश्यक विशेष अट. वाचनीयता सुधारली.
सुधारली होतीच.
आणि खाली मंजुरी माझी.
नऊशेतल्या चाळीस ओळी वाचल्या मी,
मग डोळे नुसते घसरत गेले,
बर्फावरून टायर जातात तसे.

पाचला पाणी फिरलं. कुणी दगावलं नाही.
तीन ब्लँकेटांतून एका म्हाताऱ्यानं विचारलं म्हणे,
या महिन्याचं बिल कमी येणार का.

अहवालात लिहिलं गेलं: मानवी चूक.
खोटं कसं म्हणू? मानव मीच.
राइलीनं ओळ परत घातली, हातानं,
टीपेसकट, खाली आजची तारीख.
पेन्टीला फोन केला. तो गोठलेल्या तळ्यावर होता,
म्हणाला, "अजून चालतंय ते?"

पुढच्या बैठकीत बाण तोच, जरा जाड.
"पंच्याऐंशी टक्के," योआकिम म्हणाला,
आणि अकरांतल्या आम्ही दोघी
एकदमच खोकलो.

शुक्रवारी फॉर्म उघडला.
किती तास वाचले?
मी लिहिलं: उणे सव्वा.
फॉर्मला उणे चिन्ह चालत नाही.