पाय भिजेस्तोवर

बुधवारी दुपारी कालव्यापलीकडच्या वस्तीत
मी आठ घमेली मांडते.
रोजगार हमीची, बुडाला सिमेंट धरलेली,
ग्रामपंचायतीतून सही करून आणलेली.
पाणी साधंच. गरम किती झालं
ते या पायांना कळत नाही.

वीस मिनिटं बुडवून बसायचं,
खापरीनं टाच घासायची, तेल लावायचं,
मग शेजाऱ्याचा तळवा बघायचा,
काटा रुतलाय का, फोड आलाय का;
इथे दुखणं दुसऱ्याच्या डोळ्यालाच सापडतं.

पण वीस मिनिटं फार होतात.
पहिले दोन महिने सगळे पाण्याकडे बघत बसले.
"डोहात म्हशी बसल्यावानी बसलो, बाप्पा,"
बकाराम म्हणाला.
कोणी हसलं नाही.

मग डोमाजी शेंडे बोलला.
वडशाच्या एका नाटक कंपनीत सतरा हिवाळे
तो विंगेत बसून वाक्यं पुरवायचा,
राजाला राजाची, सुनेला सुनेची.
कानाची पाळी जाड झाली
तेव्हा मालक म्हणाला, या साली आराम कर.
तो आराम अजून चालू आहे.

घमेल्यात पाय ठेवून
त्यानं अख्खा दुसरा अंक म्हटला,
कुजबुजत, सवयीनं.
आम्ही ऐकायला पुढे वाकलो.
त्या दिवशी पाय चाळीस मिनिटं भिजले.

पार्बता नैतामला इन्स्पेक्टर व्हायचं होतं.
"बाईचं काम लय केलं मी. आता नाई."
नवरी झिबल झाला, साठीचा;
त्याला लाजायला आधीपासून येत होतं.
पार्बताच्या वाकड्या बोटांतून
चिठ्ठी पडायची, दर वेळी.
तिसऱ्यांदा पडली तशी ती उठली, घरी निघाली.
"थांब," डोमाजी म्हणाला, "पडू दे.
पडते म्हणून तं सासू वाचते.
नाई तं नाटक पुढं सरकन कसं?"
आणि खरंच, तिथून पुढचं सगळं
त्यानं त्या पडण्यावर रचलं.

मंडईच्या रात्री गावात तिकिटाचं नाटक,
म्हणून आम्ही आदल्या रात्री केलं.
दोन बल्ब, लुगड्याचा पडदा.
गाव आलं, पण कालव्याच्या पाळीवर उभं राहिलं.
अलीकडे एकही नाही.
"आयकू येत नाई वो!"
तेव्हा डोमाजी, जन्मभर कुजबुजलेला,
लुगड्यामागून बाहेर आला
आणि सगळ्यांची वाक्यं मोठ्यानं म्हणू लागला.
पात्रं नुसते ओठ हलवत राहिली.
चिठ्ठी पडली.
पाळीवरून एक म्हातारी ओरडली,
"अवं इन्स्पेक्टर, खाली पाय ना!"
आमच्याकडे पाय म्हणजे बघ.
पार्बतानं पाहिलं नाही. पाठ करून
ताठ उभी राहिली, ठरल्याप्रमाणे.

सगळे गेल्यावर मी वायर गुंडाळत होते.
अंधारातून रेवनाथ आला, गिरणीवाला,
जो वस्तीचं दळण शेवटी घेतो, नि मग जातं धुतो.
काही न बोलता त्यानं बाही वर केली,
मोबाईलचा उजेड कोपरावर धरला.
फिकट चट्टा, रुपयाएवढा.
"चिमटा काढून पायला मी. समजत नाई."
"केव्हापासून?"
"मांगच्या मंडईपासून."
मी म्हटलं, गोळ्या आहेत, फुकट आहेत, बरं होतं.
तो कालव्याकडे बघत राहिला.
"जातं धुवाचं राहू देऊ का मंग?" त्यानं विचारलं.

बुधवारी घमेली आठच मांडली.
त्याला भिजवायसारखं काही नव्हतं.
भिंतीला टेकून बसला,
मी उतरवून घेतलेली नाटकाची वही मांडीवर.
डोमाजी एका ठिकाणी अडखळला.
वय झालं आता.
त्याला वाक्य द्यायला
आजवर कोणी बसलेलंच नव्हतं.
रेवनाथनं ओळीवर बोट ठेवलं
आणि हळूच पुढचा शब्द सांगितला.