सांब्र्याच्या अलीकडे

वडगावात रात्री दहाला माग थांबतात.
मग मी अ‍ॅव्रो सुरू करतो.
आधी उजवं इंजिन, मग डावं;
शिट्टी चढत जाते, तसा शेजारचा बसाप्पा
भिंतीवर थाप मारतो : "साक माडो!"

यादी सुताच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर, पेन्सिलीनं.
ऑटोपायलट या विमानाचा कुरकुरा.
मी हातानंच उडवतो,
तुटका धागा चिमटीत धरावा तसं.

मुंबईहून चाळीस माणसं.
कॉम्प्युटर नुसत्या खुर्च्या देतो, माणसं मी बसवतो.
चौथ्या रांगेत, खिडकीपाशी, अण्णा.
सांब्र्याला एकोणतीस वर्षं बॅगा चढवल्या त्यांनी,
शिडीच्या तिसऱ्या पायरीपुढं गेले नाहीत.
"आत गार असतंय म्हणे."
एवढंच सांगायचे.

घटप्रभा गेली, काळीभोर.
बाळेकुंद्रीवर वळलो. चाकं खाली.
समोर धावपट्टीचे दिवे, तीनशे फूट,
आणि हेस्कॉमनं लाईट काढली.

पंखा फिरत फिरत थांबला.
बसाप्पाकडं कुणीतरी काडी ओढली.

दुसऱ्या दिवशी धोट्यात कांडी भरताना
सारखी मान वर जायची.
चाळीस माणसं बाळेकुंद्रीवर लटकलेली,
पट्टे बांधून.
अण्णांनी चपला काढून
मांडीवर घेतल्या असतील,
खालचा गालिचा मळू नये म्हणून.

रात्री लाईट आली.
विमान परत मुंबईत,
इंजिनं गार, दार उघडं, शिडी लावलेली.

चढा अण्णा.
ती बॅग राहू दे खाली,
दुसरं कोणीतरी चढवील.