पांढरा चार

आलेन्तेझूत जून अर्धा सरला की
बुचाची झाडं आपली साल सैल सोडतात.
आधी नाही, मागाहून नाही.
झेफेरीनो कुऱ्हाड मारतो, आणि थांबून ऐकतो.
पोकळ आवाज आला तर सुटेल.
ठस्स आला तर झाडाची तयारी नाही,
चला पुढच्याकडे.

या खोडावर पांढऱ्या रंगात चार.
चौदा साली सोललेली साल, तिचा शेवटचा अंक.
त्यावर नऊ वर्षं कुणी हात लावायचा नाही
असा इथला कायदा, आणि कायद्याआधीची रीत.
हा चार एर्मेलिंदाच्या हातचा.
ती डबा घेऊन पुरुषांच्या मागून फिरायची,
चारची शेपटी उगाच लांब काढायची.

बूच निघालं की आत ओलं, पिवळट गुलाबी अंग.
त्याला हे लोक आई म्हणतात.
त्यांचा शब्द नाकातून येतो,
माझ्या कानाला तो थेट माय ऐकू येतो.
मायला धक्का लागता कामा नये:
पानांनी रांधलेली साखर तिच्यातूनच मुळांकडे उतरते,
आणि तिच्या पाठीला चिकटून असतो
केसाएवढा एक पदर,
जो आतल्या अंगाला लाकूड घडवतो, बाहेरच्या अंगाला साल.

खाली उजवीकडे व्रण आहे.
चौदा साली पोरगा नवखा होता, पातं खोल गेलं.
तिथे अजून बूच धरलेलं नाही,
कडा मात्र ओठ मुडपून आत सरकू लागल्यात.
पोरगा आता लक्झेंबर्गला फरश्या बसवतो.

दुपारी पाव-चीज खाताना भाची फोन पुढे करते.
ज्योर्जेता, एव्होराला शिकते.
दाढीच्या पात्याने काढलेला काप, तांबड्या रंगात बुडवलेला.
"ही मोठी भोकं बघ मामा, यांतून पाणी चढतं.
सगळ्या मेलेल्या नळ्या.
मेल्याशिवाय त्या पोकळ होत नाहीत."

झेफेरीनो चष्मा शोधतो. तो कपाळावरच असतो.
"मग ओढतं कोण?"
"पानं. वर उन्हात वाफ उडते,
खालपर्यंत पाण्याचा धागा ताणला जातो."
"आणि तुटला तर?"
"बुडबुडा अडकतो. ती नळी बाद.
शेजारची चालू राहते."

तो पावाचे कण मांडीवरून झटकतो.
"साठ वर्षं सोलतोय," म्हणतो,
"आत कधी डोकावलो नाही. डोकावलं तर झाड जातं."

संध्याकाळी ट्रॅक्टर भरतो.
चार असलेली फळीही वर चढते, वजनात धरली जाते.
डबा या वर्षी कुणाकडे, हे कुणी विचारत नाही.
झेफेरीनो झाकण पेचकसाने उघडतो,
ओल्या खोडावर तीन काढतो.

तीनला शेपटी नसते.
तरी तो खालचं टोक जरा ओढतो.
ब्रश जास्त भरलेला:
एक ओघळ सुटतो,
मायच्या अंगावरून
सावकाश मुळांकडे.